भिंतीवरचं गोरं बाळ

आळंदहून उमरग्याकडं निघालं की खजुरी लागते. त्या गावातल्या बौद्धवाड्यात श्रीमंत पेंटर राहायचा. एकाच भिंतीवर तीन लिप्यांत लिहिणारा त्या पट्ट्यात तो एकटाच होता. उर्दू तो निजामाच्या राज्यात चार वर्षं शाळेत शिकला होता. मराठी घरातली होती. छप्पन साली गाव म्हैसूर राज्यात गेलं, दुकानांच्या पाट्या कन्नडात पाहिजेत असं झालं, तेव्हा त्यानं कन्नड अक्षरं गिरवून घेतली. त्याच हिवाळ्यात त्याच्या बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. श्रीमंत तेव्हा तेवीस वर्षांचा होता. फोटोखाली 'जय भीम' त्यानंच लिहिलं, आणि ते अक्षर बघून आळंदच्या एका कापड दुकानदारानं त्याला पहिली पाटी दिली.

पुढं भिंती आल्या. विडी, चहा, खत, दंतमंजन, सिमेंट. रस्त्याकडेची चांगली भिंत बघायची, घरमालकाला विचारायचं, चुना मारायचा, दोरीनं रेघा पाडायच्या आणि शिडीवर चढायचं. कितीतरी घरं अशी होती की त्यांच्या भिंतीची बाहेरची बाजू श्रीमंतला वीत न् वीत पाठ होती आणि आतली बाजू त्यानं कधी बघितली नव्हती. पाणी मागितलं तर ते वरून ओंजळीत मिळायचं. त्याबद्दल तो बोलायचा नाही. अक्षर मात्र असं काढायचा की बसमधली माणसं खिडकीतून मान वळवून वाचायची.

त्र्याहत्तर साली सोलापूरहून माणिकराव नावाचा माणूस जीप घेऊन आला. लहान मुलांच्या दुधाची पावडर काढणाऱ्या एका कंपनीचा तो फिरता अधिकारी होता. पावडरचं नाव 'मोतीबाळ'. त्यानं जीपच्या बॉनेटवर एक मोठा छापील कागद पसरला. कागदावर बसलेलं बाळ होतं. गोरंपान, मांड्यांना वळ्या पडलेलं, कपाळावर एक बट. शेजारी पिवळा डबा, आणि खाली ओळ: 'शहाणी आई मोतीबाळ देई'.

"गाल गुलाबी पाहिजेत, पेंटर," माणिकराव म्हणाला. "आपल्याकडचा रंग नको. मुंबईवरनं रंग आणलाय, तोच वापरायचा."

श्रीमंतनं कागदावर पेन्सिलीनं चौकटी पाडल्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून भिंतीवर पाडल्या, आणि एकेक चौकट उतरवत गेला. पहिल्या बाळाला तीन दिवस लागले. दहावं एका दिवसात झालं. पुढं पुढं चौकटी पाडायचीही गरज उरली नाही. डोळे झाकून हात फिरवला तरी तेच बाळ उमटायचं. आळंद, कडगंची, हुमनाबाद, निर्णा, सगळीकडं मिळून चाळीसभर भिंतींवर त्यानं ते बसवलं.

महिन्यातून एकदा तो रंग आणायला गुलबर्ग्याला जायचा. स्टेशनजवळ एका रद्दीवाल्याकडं परदेशी मासिकं यायची. त्यातली अक्षरांची वळणं बघायला श्रीमंत तिथं तासन्‌तास उकिडवा बसायचा. इंग्रजीचा अर्थ त्याला लागत नसे, आकार लागायचा. तिथंच एके दिवशी त्याला एक जाड पुस्तक सापडलं. वरचं पान फाटलेलं. आत सगळी काळीपांढरी चित्रं, चौकटी-चौकटीत. माणसांच्या तोंडाजवळ फुगे आणि फुग्यात बोलणं. आज असल्या पुस्तकाला चित्रकादंबरी म्हणतात. श्रीमंतला नाव ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळलं की हा माणूसही चौकटी पाडतो.

"ये क्या है, चाचा?" त्यानं विचारलं.

"अमरीकन है," रद्दीवाला म्हणाला. "कोई नहीं लेता. ले जाव."

आळंदच्या हायस्कुलात नागनाथ मास्तर इंग्रजी शिकवायचे. शाळेच्या पाट्या श्रीमंतच रंगवत असल्यामुळं ओळख होती. त्यानं पुस्तक दाखवलं, तशी मास्तरांनाही गंमत वाटली. दर रविवारी सकाळी शाळेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली दोघं बसायला लागले. मास्तर फुग्यातलं वाचून मराठीत सांगायचे, श्रीमंत चित्र बघायचा. असे सहा रविवार गेले.

गोष्ट अमेरिकेतल्या एका लहान गावाची होती. पहिल्या पानावर मक्याची शेतं, लांब रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला जाहिरातीची एकच मोठी फळी. गावातला एक माणूस ती फळी रंगवणारा. पान उलटलं की फळ्या वाढायच्या. आधी रस्त्यावर, मग घरांच्या भिंतींवर, मग छपरांवर. गावातल्या बाया एकमेकींशी भांडायच्या, हसायच्या, पोरांना हाका मारायच्या. मग त्या साबणाबद्दल बोलायला लागल्या. मग गाडीबद्दल. शेजाऱ्याची गाडी मोठी म्हणून एकजण जेवायचा थांबला. एका घरात आजी मेली, आणि तिची लेक दारात आलेल्या माणसांना एका डबाबंद सुपाची चव सांगत उभी राहिली.

"हे काही पटत नाही बुवा," मास्तर चष्मा काढत म्हणाले. "आई मेली आणि ही सूप विकते? लेखकाचं डोकं फिरलंय."

श्रीमंत पानावर वाकला होता. त्यानं बोटानं आधीची दहा पानं मागं उलटली, परत पुढं आला.

"गुरुजी, हितनं तिचं अक्षर बदललंय बगा."

"कुणाचं?"

"ह्या बाईचं. आदी तिच्या फुग्यातलं हातानं लिवल्यावानी व्हतं. वाकडंतिकडं. आता बगा, सरळ, ठोकळा. फळीवरचं अक्षर हाय ते. तिच्या बापाचं बी झालंय. हे पोरगं तेवढं अजून वाकडं बोलायलंय."

मास्तरांनी चष्मा चढवला. बराच वेळ ते पानं मागंपुढं करत राहिले. चाळीस पानं त्यांनी मोठ्यानं वाचली होती आणि ही गोष्ट त्यांना दिसली नव्हती.

"म्हणजे ही बाई बोलतच नाही," ते सावकाश म्हणाले. "फळी बोलते."

"व्हय. तोंड तिचं, अक्षर पेंटरचं."

शेवटी त्या गावात हातानं लिहिलेला एकही फुगा उरत नाही. फळी रंगवणारा माणूस मात्र बिघडत नाही, घाबरत नाही, पळूनही जात नाही. रोज सकाळी डबा घेऊन कामाला निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिडीवर पाठमोरा आहे, एवढंच.

"अमेरिकेतली माणसं लई खुळी असतेत की," पुस्तक मिटत श्रीमंत हसून म्हणाला. मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी श्रीमंत कडगंचीला गेला आणि पोस्टासमोरच्या भिंतीवर त्यानं मोतीबाळचं बाळ काढलं.

चौऱ्याहत्तर साल सरता सरता त्याची थोरली लेक कलाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला निर्ण्याला दिलं होतं. जावई किशनराव, थोडी जमीन, बाकी दुसऱ्याच्या रानात काम, माणूस साधा. माघात कलाबाईला मुलगी झाली. सावळी, लांबट, हातापायांनी काटकुळी, पण रडायला खणखणीत. नाव गौतमी ठेवलं. श्रीमंतची बायको राजूबाई नातीला तेल लावताना म्हणायची, "लांब बोटाची हाय, माज्या माईवर गेली."

कलाबाईला दूध चांगलं येत होतं. पण पोर अंगानं भरेना असं तिला वाटायचं. भरलेलं पोर कसं दिसतं ते तिनं बघितलं होतं. खजुरीच्या बसथांब्याच्या भिंतीवर ते रोज दिसायचं.

माणिकराव त्या महिन्यात आला, तेव्हा श्रीमंतनं नातीची गोष्ट त्याला सांगितली. माणिकरावानं लगेच जीपमधून दोन डबे काढले. "तुम्ही तर घरचे, पेंटर. आपल्याच नातीला नाही दिलं तर काय!" श्रीमंतला बरं वाटलं. असं कुणी 'घरचे' म्हटलेलं त्याला फारसं ठाऊक नव्हतं. दोन्ही डबे कपड्यात गुंडाळून त्यानं घरी आणले.

"कामून आणलासा?" राजूबाईनं विचारलं. "हिला दूद यायलंय की."

"फुकट दिलंय. ऱ्हाऊ दे."

"लेकराला आईचं असताना डब्याचं कशाला?"

कलाबाई आतून बाहेर आली. तिनं डबा हातात घेतला, त्यावरच्या बाळाकडं बघितलं आणि म्हणाली, "माय, शहाण्या बाया हेच देतेत. अप्पानं लिवलंय बग की भितीवर."

राजूबाईनं तिच्या हातातला डबा घेऊन उलटसुलट करून बघितला. तिला वाचता येत नव्हतं.

तीन महिन्यांनी किशनराव न्यायला आला. कलाबाई पोर, बाटली आणि डबे घेऊन निर्ण्याला गेली. बाटलीची सवय लागली तसं पोर अंगावर पिईना, आणि अंगावरचं दूध आटत गेलं. डबे संपले. नवा डबा हुमनाबादला मिळायचा, पण तो दर आठवड्याला आणणं किशनरावाला जमणारं नव्हतं. मग कलाबाई चार चमच्यांच्या जागी दोन घालायला लागली, नंतर एक. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. त्याच पाण्यात बाटली धुवायची, त्याच पाण्यात पावडर कालवायची. दूध पांढरं दिसायचं, म्हणून तिला काही वाटलं नाही. ज्येष्ठ लागला आणि पोरीला हगवण लागली. चौथ्या दिवशी हुमनाबादच्या दवाखान्यात न्यायला बसमध्ये बसले. वाटेतच गेली.

निरोप आला तेव्हा श्रीमंत आळंदच्या बाजारात सिमेंटची जाहिरात लिहीत होता. निर्ण्याकडचा एक ओळखीचा माणूस शिडीखाली येऊन उभा राहिला आणि खालूनच म्हणाला, "श्रीमंतअण्णा, उतर. कलाबाईची पोरगी गेली."

श्रीमंतनं खाली बघितलं. मग भिंतीकडं. शेवटची दोन अक्षरं राहिली होती. त्यानं ती पुरी केली, कडा सारख्या केल्या, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि मगच तो उतरला. त्या माणसानं पुढं गावात सांगितलं की पेंटरला ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं होतं. हात थांबला नाही, एवढंच.

निर्ण्याला तो आणि राजूबाई पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. कलाबाई भिंतीला टेकून बसली होती. राजूबाईनं तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. कलाबाई रडली नाही. श्रीमंत उंबऱ्याजवळ बसला. समोर फळीवर मोतीबाळचे रिकामे डबे ओळीनं मांडले होते. एकात मीठ होतं, एकात हळद, एकात तूरडाळ.

"अप्पा," बऱ्याच वेळानं कलाबाई म्हणाली, "तुमी लिवलंय म्हणल्यावर मला वाटलं, खरंच असंल."

तिनं ते तक्रारीनं म्हटलं नाही. एखाद्याला वाट सांगावी तसं म्हटलं. श्रीमंतनं मान हलवली. काय म्हणून हलवली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कलाबाईची सासू सुमनबाई बाहेर येऊन त्याच्याजवळ टेकली. "कला लई जीव लावायची हो पोरीला," ती पदर डोळ्याला लावत म्हणाली. "पाजताना गाणं म्हणायची. शहाणी आई मोतीबाळ देई, शहाणी आई मोतीबाळ देई. तेच तेच. पोर झोपस्तोवर."

श्रीमंतनं पाणी मागितलं. पाणी आलं, ते तो प्याला, आणि तांब्या कुठं ठेवावा ते न कळून तसाच हातात धरून बसला.

त्यानंतरचे महिने त्याला नीट आठवत नाहीत. कामं चालू होती. खताच्या भिंती लिहिल्या, विडीच्या लिहिल्या. आणीबाणी आली तसा कुटुंबनियोजनाचा सरकारी लाल त्रिकोण आला, तोही ठिकठिकाणी काढला. भूक लागायची, जेवायचा. झोप यायची. राजूबाई कधीकधी मध्येच रडायला लागायची, तेव्हा तो उठून अंगणात जायचा आणि ब्रश धुऊन ठेवलेले असले तरी परत धुवायचा. आपल्याला रडू येईल म्हणून त्यानं पहिले काही दिवस वाट बघितली. मग वाट बघणंही राहून गेलं.

पाऊस सरल्यावर माणिकराव आला. जुनी बाळं फिकी पडली होती, ती उजळायची होती आणि नव्या दहा भिंती होत्या.

"बाळ काढणार न्हाई," श्रीमंत म्हणाला.

"कामून?" माणिकराव हसत त्याच्याच बोलीत म्हणाला.

श्रीमंतनं सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, एखाद्या तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. माणिकरावाचं हसू गेलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं जीपचं दार उघडलं, परत लावलं.

"पाणी खराब असणार, पेंटर," शेवटी तो म्हणाला. "पावडरचा दोष नाही. पाणी उकळून घ्या म्हणून डब्यावर स्पष्ट लिहिलंय."

"कंच्या भाषेत?"

माणिकरावानं एक डबा काढून फिरवून बघितला. अक्षरं बारीक होती. "इंग्रजीत," तो म्हणाला.

त्यानं डबा परत जीपमध्ये ठेवला. नव्या भिंती गुलबर्ग्याच्या दुसऱ्या पेंटरनं केल्या. जुन्याही त्यानंच उजळल्या. निर्ण्याच्या बसथांब्यावरच्या बाळाचे गाल पुन्हा गुलाबी झाले.

खजुरीत गंगम्मा नावाची सरकारी नर्स यायची. कन्नड बोलणारी, पण मराठी तिला चांगली यायची. त्या उन्हाळ्यात गावात अजून दोन पोरं हगवणीनं आजारी पडली होती, आणि दोन्ही घरांत बाटली होती. ती श्रीमंतच्या दारात आली.

"अण्णा, मी बोलून बोलून थकले. बायका माझं ऐकत न्हाईत, भिंतीचं ऐकतात. तू भिंतीवर काढून दे की. वाचायला येत न्हाई त्यांना, चित्रात सांग."

श्रीमंत 'बघू' म्हणाला. दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातल्या विहाराच्या बाहेरच्या भिंतीला त्यानं चुना मारला. त्या अमेरिकन पुस्तकासारख्या आठ चौकटी पाडल्या, वर चार, खाली चार. पहिलीत आई बाळाला अंगावर पाजते. दुसरीत तिच्या हातात डबा. तिसरीत बाटली. चौथीत विहिरीचं गढूळ पाणी. पाचवीत एकच चमचा. सहावीत बाळ आजारी. सातवीत मातीचा लहानसा उंचवटा. आठवीत दुसरी आई, अंगावर पाजणारी. चार दिवस काम चाललं. ते करताना त्याला गौतमीची आठवण येत होती असंही नाही. चौकट भरायची आणि पुढच्या चौकटीकडं जायचं.

काम झालं त्या सकाळी बाया जमल्या. डोक्यावर घागरी तशाच ठेवून बघत उभ्या राहिल्या.

"काय गुटगुटीत लेकरू काढलंय गं!" एक म्हणाली.

"लोण्याचा गोळाच."

एक तरुण बाई, पाचवा-सहावा महिना असावा, दुसऱ्या चौकटीशी जाऊन उभी राहिली. "अण्णा, ह्यो डबा आळंदला मिळतो का हुमनाबादला जावं लागतंय?"

श्रीमंतनं सातव्या चौकटीकडं बोट केलं. "हे बगितलीस का?"

"बगितलं की," ती म्हणाली. "पण डबा कुटं मिळतो?"

श्रीमंतनं ब्रश गोळा केले. मग शिडी काढून घेऊन घरी गेला.

त्या रविवारी तो पुस्तक घेऊन मास्तरांकडं गेला. लिंबाखाली बसून त्यानं ते पहिल्यापासून उलटलं. या वेळी मास्तरांना वाचायला लावलं नाही.

"गुरुजी, ह्यानं फळ्या बगा कशा काढल्यात. काळ्याभोर, ठसठशीत. आन् माणसं बारीक रेघंची, पुसट. मला वाटलं, मुद्दाम केलंय."

"मुद्दामच असणार."

"असंल. न्हाईतर ह्याचा हात बी फळ्यांवरच तयार झाला असंल. माणसं काढायची सवयच न्हाई ऱ्हायली." तो थांबला. "माज्या भितीवर डबाच लई चांगला आलाय, गुरुजी. बाया त्येच बघायल्यात."

मास्तरांनी पुस्तक आपल्याकडं ओढलं. त्यांना वर्गात मुलांना द्यायची उत्तरं ठाऊक होती, हे त्यातलं नव्हतं. "मग तो डबा पुसून टाक," ते म्हणाले, आणि लगेच त्यांनाच ते पुरेसं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास कलाबाई दोन दिवस माहेरी आली. बसमधून उतरल्यावर घरी जायच्या आधीच ती विहारासमोर थांबली. श्रीमंत तिला आणायला गेला होता, तो मागं उभा राहिला. तिनं आठही चौकटी बघितल्या. वाचता येत असलेल्या माणसासारख्या क्रमानं, डावीकडून उजवीकडं.

"ही कोण हाय, अप्पा?"

"आपली गौतमी."

"न्हाई," कलाबाई म्हणाली. "ही आपली न्हाई. आपली सावळी व्हती."

श्रीमंतनं भिंतीकडं बघितलं. पहिल्या चौकटीत, तिसरीत, सहाव्या चौकटीतल्या आजारातही, बाळ गोरंपान होतं. मांडीला वळी होती. कपाळावर बट होती. हातानं आपोआप काढलं होतं आणि त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यानं नातीचं तोंड आठवून बघितलं. डोळ्यांपुढं पिवळ्या डब्याशेजारचं बाळच आलं. पुन्हा आठवलं. पुन्हा तेच आलं.

"मला ती आठवंना, कला," तो म्हणाला.

कलाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. "मी सांगते की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चौकटी खरवडल्या. मुंबईच्या गुलाबी रंगाचा डबा घरातच ठेवला. गेरू घेतला, थोडी काजळी घेतली, पिवळी माती घेतली. कलाबाई खाली दगडावर बसली.

"नाक बसकं व्हतं," ती म्हणाली. "एवढं न्हाई. हां. कान मोठे, तुमच्यावानी. डावा जरा दुमडलेला. बोटं लांब. केस विरळ, मागं तर न्हवतेच, झोपून झोपून घासले व्हते."

"भुवया?"

"भुवया न्हवत्याच म्हणा. रेघ वडू नका, नुसता रंग दाखवा."

हात मध्येच घसरायचा आणि गाल फुगायचा. मग तो पुसायचा. दुपारपर्यंत एकच चौकट झाली. तीत बाळ अगदी साधं होतं, काहीसं वाकडं, एका बाजूला मान कललेलं. अक्षर काढण्यात ज्याचा हात तालुक्यात कुणी धरू शकत नव्हतं, त्याचं काम आहे असं वाटत नव्हतं. कलाबाई उठून जवळ गेली. तिनं भिंतीवर बोट ठेवलं, रंग ओला होता, बोटाला लागला.

"हां," ती म्हणाली. एवढंच.

आणि मग, पाच महिन्यांनी, ती तिथं विहारासमोरच्या धुळीत बसून रडली. श्रीमंत शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. तो खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसला. त्याला रडू आलं नाही. त्यानं रंगाचा हात विजारीला पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला. घराकडून राजूबाई जेवायला बोलवायला आली, ती लांबच थांबली.

कलाबाई निर्ण्याला परतल्यावर त्यानं बाकीच्या चौकटीही तशाच केल्या. डब्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन ठेवला, नाव नाही, चित्र नाही. आता बाया फार वेळ उभ्या राहत नसत. बघायच्या आणि घागर घेऊन पुढं जायच्या. कुणी 'गुटगुटीत' म्हणालं नाही. डबा कुठं मिळतो असंही कुणी विचारलं नाही. पोर कुणाचं म्हणून विचारलं तर राजूबाई सांगायची. गंगम्मा म्हणाली की त्या वर्षी खजुरीत बाटल्या कमी झाल्या. पण त्याच वर्षी शेजारच्या गावांत त्या वाढल्याही होत्या, हेही तिनं सांगितलं.

ती तरुण बाई अंगावर पाजत होती की नाही, ते श्रीमंतनं कधी विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली कलाबाईला मुलगा झाला. तोही सावळा, तोही काटक. तिनं त्याला दीड वर्ष अंगावर पाजलं, आणि खजुरीला आली की बसथांब्याच्या भिंतीकडं पाठ करून बसायची. ऐंशीनंतर विहाराला वर्गणी जमली, मातीच्या भिंती काढून सिमेंटचा गिलावा करायचं ठरलं. चौकटी काढलेली बाहेरची जुनी भिंत भक्कम होती, ती तशीच ठेवून रंगवायची होती. पंचांनी ते काम श्रीमंतलाच दिलं. चित्रं तोवर पावसानं अर्धी गेली होती, पण कुणीतरी विचारलं, "पेंटर, ठेवायची का?"

"कशाला," श्रीमंत म्हणाला.

त्यानं निळा रंग कालवला. पहिला हात मारला तेव्हा खालचं चित्र दिसत होतं, नाक, कान, लांब बोटं. ते वाळेपर्यंत तो सावलीत बसून विडी प्याला. मग दुसरा हात मारला.